अर्धं ताट

नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायकोनं जेवायचं, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. नाशिकच्या एका कॉलनीत भाटवडेकरांच्या घरी ती उलटी झाली, तेव्हा मात्र सगळी कॉलनी हळहळली. "बिचारा अमोघ," असं बायका फाटकाशी उभ्या राहून म्हणत. केतकीला बिचारी म्हणणारं कुणी भेटलं नाही. ती तर देणारी होती. आणि देणाऱ्याचं काय, त्याला एक नमस्कार केला की भागतं.

रोज सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला केतकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकटी जेवायला बसे. तिच्या सासूबाई, सुलभाताई, दोघांचं जेवण एका ताटात वाढत: चार पोळ्या, भाताची दुप्पट मूद, वाटीऐवजी वाडगाभर आमटी. केतकीनं त्यातलं निम्मं खायचं. हातानं खायचं, आमटी वाडग्याला तोंड लावून प्यायची. एकही पदार्थ तिच्या तोंडाच्या स्पर्शाशिवाय राहता कामा नये. निम्मं झालं की सुलभाताई ताट उचलून पुढच्या खोलीत अमोघपुढे नेत आणि तो वीस मिनिटांच्या आत ते संपवी. सुरुवातीला तो अंथरुणावरून उठू शकत नव्हता म्हणून ताट तिकडे जायचं. पुढे तो हिंडूफिरू लागला, कॉलेजातले संख्याशास्त्राचे तास घरून घेऊ लागला, तरी जेवायला आत आला नाही. बायकोच्या समोर बसून तिचं उष्टं खायची त्याला लाज वाटे, आणि तिला ते पाहण्याची.

यामागचं शास्त्र तसं समजायला अवघड नाही. दुसऱ्याचं मूत्रपिंड पोटात बसवलं की शरीराच्या पहारेकरी पेशी त्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून पूर्वी रोज गोळ्या देऊन त्या पेशींना गुंगवून ठेवत. पण गुंगलेला पहारेकरी चोरालाही अडवत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या बुरशीच्या जाती सगळीकडे पसरल्या, आणि या गोळ्या घेणारी माणसं मूत्रपिंड ठणठणीत असताना फुप्फुसांनी मरू लागली. तेव्हा शास्त्रज्ञ एका जुन्याच गोष्टीकडे वळले. आपण रोज कितीतरी परकी प्रथिनं गिळतो, तुरीची, दुधाची, तांदळाची. शरीर त्यांच्याशी भांडत नाही. तेच प्रथिन सुईनं रक्तात टोचलं तर मात्र रणकंदन माजतं. जेवणाबरोबर तोंडावाटे जे येतं त्याला आतडं पाहुणा मानतं आणि तसा निरोप साऱ्या शरीराला धाडतं. मग दात्याची लाळ, तिच्यातल्या पेशी, तिच्यातले जिवाणू, रोज जेवणातून रुग्णाच्या पोटात गेले तर? शरीर हळूहळू त्या दात्यालाच घरचं माणूस समजू लागतं, आणि त्याच्या मूत्रपिंडालाही. लाळ गोठवून पाहिली, कॅप्सूलमध्ये भरून पाहिली, पण अर्ध्या तासाच्या आत तिचा गुण जायचा. शेवटी उरलं ते उष्टं ताट. डॉक्टरांनी त्याला 'सहथाळी' असं सोज्वळ नाव दिलं.

एखाद-दुसरं जेवण चुकलं तर चाले. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर काय होईल, हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण पाडून बघायची कुणाची छाती नव्हती.

आता खरी गोष्ट अशी की केतकी या घरातून निघालेलीच होती. अकरा वर्षांच्या संसारात तिचं आणि अमोघचं एकही मोठं भांडण झालं नव्हतं, आणि दोघांनाही हीच अडचण वाटू लागली होती. ती भूजल सर्वेक्षणात होती. जमिनीखालचं पाणी शोधत उन्हातान्हात हिंडणं हे तिचं काम आणि तीच तिची हौस. कच्छमधल्या मांडवीच्या कॅम्पची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली, तेव्हा एका संध्याकाळी दोघांनी चहा पिता पिता शांतपणे ठरवून टाकलं: वेगळं व्हायचं. आईंना दिवाळीनंतर सांगायचं. दिवाळीतच अमोघचे पाय सुजले. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. सुलभाताईंना मधुमेह, त्यामुळे त्या बाद. केतकीचं जुळलं. तिनं फार विचार केला नाही. ज्या माणसाबरोबर अकरा वर्षं काढली त्याला एवढं द्यावं आणि मोकळ्या मनानं जावं, असं तिला वाटलं. तेव्हा प्रश्न गोळ्यांचाच होता, सहथाळीचा नव्हता. सहा आठवड्यांनी अमोघच्या फुप्फुसात बुरशी सापडली, गोळ्या बंद कराव्या लागल्या आणि डॉक्टर फरहाना इनामदारांनी दुसरा उपाय सांगितला.

"किती दिवस?" केतकीनं विचारलं होतं.

"मूत्रपिंड चालेल तोवर," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "म्हणजे आपण आशा करू या, खूप वर्षं."

त्या खोलीत अमोघ होता, सुलभाताई होत्या, दोन नर्स होत्या. सगळे केतकीकडे बघत होते. नाही म्हणायला फक्त एक शब्द लागतो, पण तो अशा खोलीत तोंडातून निघत नाही.

तेव्हापासून सव्वादोन वर्षं तिचं जग म्हणजे दोन जेवणांच्या मधलं अंतर. दहाला जेवून निघावं आणि सातच्या आत परत यावं. कचेरीनं समजूतदारपणे तिला टेबलाचं काम दिलं. दुसऱ्यांनी खणलेल्या विहिरींचे आकडे ती पडद्यावर वाचू लागली. अमोघला बरोबर घेऊन कॅम्पवर जावं म्हटलं, तर त्याच्या फुप्फुसांना तिथली धूळ सोसवणार नव्हती. तिला उपास करता येत नव्हता, तोंड येऊन चालत नव्हतं, सर्दी झाली तरी घर हवालदिल होई. पहिल्याच वर्षी तिचे वडील अकोल्याला गेले. ज्या घरात चूल पेटलेली नव्हती, तिथून ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली, कारण इकडे ताट थांबलं होतं. भावानं अडवलं नाही. "अमोघरावांचं बघायला हवं," असं तोच म्हणाला. हे 'बघायला हवं' तिनं इतक्या जणांकडून ऐकलं होतं, की आताशा तिला त्याचा राग येण्याऐवजी झोप यायची.

आणि मार्चमध्ये मांडवीहून पुन्हा पत्र आलं. कॅम्पचा दुसरा टप्पा, पंधरा एप्रिलपासून, दोन वर्षं. आधीची प्रमुख, केतकीच्याच हाताखाली शिकलेली तन्वी, बाळंतपणासाठी सुट्टीवर जात होती. एक एप्रिलपर्यंत होकार कळवायचा होता. केतकीनं पत्र वाचलं, बंद केलं आणि कुणाला सांगितलं नाही.

त्या आठवड्यातला रविवार. केतकी सकाळचं जेवली, हात धुवायला मोरीकडे गेली आणि मोबाइल टेबलावर राहिला म्हणून परत फिरली. स्वयंपाकघराच्या दारात तिची पावलं थबकली.

सुलभाताई तिचं अर्धं ताट ओल्या कचऱ्याच्या बादलीत रिकामं करत होत्या. ओट्यावर, मिक्सरच्या मागे, तसंच दुसरं ताट वाढून झाकलेलं होतं. त्यांनी झाकण काढलं, चमचा घेतला आणि भाताची मूद एका बाजूनं खणायला सुरुवात केली. पोळीचा लचका तोडून बाजूला टाकला. चटणी बोटभर सारवली. मग एक पाऊल मागे येऊन, रांगोळी पुरी झाली का बघावं तसं ताटाकडे बघितलं, आणि वाडग्याच्या काठाला थोडी आमटी पुसली.

"आई, हे काय?"

चमचा आमटीत पडला.

"किती दिवस चाललंय?"

सुलभाताई खुर्चीवर बसल्या. बँकेत तीस वर्षं नोकरी केलेली बाई. खोटं बोलायची सवय नव्हती आणि आता ते शिकायचं वयही नव्हतं. "श्रावणापासून," त्या म्हणाल्या.

केतकीनं मनातल्या मनात हिशोब केला. श्रावण ते फाल्गुन. सात महिने. चारशेवर जेवणं. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते इतकंच, की अमोघ मरणार. ती धावत पुढच्या खोलीत गेली. अमोघ खिडकीशी बसून पेपर तपासत होता. "ताट आलं नाही अजून," तो म्हणाला. तिनं त्याचं मनगट धरून मूत्रपिंडाचं काम मोजणाऱ्या पट्टीवरचे आकडे पाहिले. मूत्रपिंड उत्तम. काल उत्तम, परवा उत्तम, गेला अख्खा महिना उत्तम. "काय झालं?" त्यानं विचारलं. "काही नाही," म्हणून ती परत आली, आणि चार पावलांच्या त्या वाटेत तिच्या मनात दुसरी गोष्ट आली. ती इतकी सुखाची होती, की तिला स्वतःचीच शरम वाटली.

"का केलंत असं?"

"त्या शुक्रवारी तू जेवताना रडत होतीस," सुलभाताई म्हणाल्या. "तुझ्या जागी गेलेल्या त्या तन्वीच्या कॅम्पची बातमी आली होती. तू आवाज नाही केलास. डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं आणि तू तसाच भात कालवत होतीस. मी मनात म्हटलं, हे असं कुढत खाल्लेलं माझ्या लेकाच्या पोटात जातंय. दिवसातून दोनदा. ते काय त्याच्या अंगी लागणार? उलट बाधायचं."

"आई, ते जेवण नव्हतं, औषध होतं."

"औषध तुझ्या लाळेत, कबूल. पण तुझं मन त्यात उतरत नव्हतं का? मला ते दिसत होतं. मी एक दिवस ताट बदललं. म्हटलं, आजचा दिवस तरी माझ्या हातचं, चांगल्या मनाचं खाऊ दे त्याला. काही झालं नाही. मग दुसऱ्या दिवशी... मग सवयच झाली गं."

केतकी त्यांच्याकडे बघत राहिली. संतापावं तर समोर साठी उलटून गेलेली, पदरानं ओठ दाबून धरणारी बाई. "मी रडत होते हे तुम्हांला दिसलं, तर मला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं आणि तू सांगितलं असतंस, तर मी काय करणार होते?"

त्या क्षणी केतकीला या बाईचा जितका राग आला तितकाच जिव्हाळाही वाटला, आणि दोन्ही एकदम सोसवेनात म्हणून ती नळ सोडून उगाच भांडी विसळत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती एकटी डॉक्टर इनामदारांकडे गेली. सगळं ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पुन्हा लावला, अमोघचे सात महिन्यांचे रिपोर्ट पडद्यावर ओळीनं मांडले आणि बराच वेळ बघत बसल्या.

"केतकीताई, तुमच्या सासूबाईंनी जो प्रयोग केलाय ना, तो मी करायला गेले असते तर माझी पदवी काढून घेतली असती."

"म्हणजे?"

"आम्हांला पहिल्यापासून एक शंका होती. रोज ओळख करून दिली की शरीर शिकतं, हे बरोबर. पण एकदा शिकल्यावर ते विसरतं का? लहानपणी सायकल शिकलो की रोज चालवावी थोडीच लागते. अमोघरावांच्या शरीरात अशा पेशी तयार झाल्या असतील, की ज्या आता स्वतःच पुढच्या पेशींना सांगतायत, हे मूत्रपिंड आपलं आहे. तुमची गरज उरलेली नसेल."

"मग हे आधी का नाही कळलं?"

"कळायला थांबवून बघावं लागतं. देशभर अशा साडेतीनशे जोड्या आहेत. चाललेलं नीट असताना मी कुणाला सांगू, की बाबा थांबव, बघू या मरतोस का?" डॉक्टरांचा आवाज खाली आला. त्यांच्या डोळ्यांत आनंद होता आणि तो लपवायला त्यांना जमत नव्हतं. "तुमच्या दोघांच्या संमतीनं मला हे नोंदवायचंय. उद्या त्यांना घेऊन या. घरी तोवर काही बदलू नका."

त्या रात्रीचं जेवण केतकीला आठवत नाही. तिनं अमोघला एवढंच सांगितलं, "आई ताट बदलत होत्या. माझं तुझ्यापर्यंत येतच नव्हतं. उद्या डॉक्टरांनी बोलावलंय." अमोघनं मान हलवली. फार घाबरला असेल म्हणून गप्प आहे, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "तारीख लागेल मला. साधारण कधीपासून?"

"नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यापासून," अमोघ म्हणाला. "शुक्रवार होता."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. केतकीनं मान वळवली. तिनं त्याला महिना सांगितला नव्हता, वार तर नव्हताच नव्हता. सुलभाताई रविवारपासून त्याच्यासमोर आल्याच नव्हत्या. भाचीकडे जाऊन बसल्या होत्या.

"तुला काय माहीत?"

अमोघ कागदाकडे बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तू भातावर लिंबू पिळतेस," शेवटी तो म्हणाला. "बिया निवडून ताटाच्या कडेला ठेवतेस. त्या दिवसापासून बिया नव्हत्या."

डॉक्टर इनामदार शहाण्या होत्या. "मी फाइल घेऊन येते," म्हणून त्या बाहेर गेल्या. फाइल टेबलावरच होती.

"सात महिने," केतकी म्हणाली.

"पहिल्या दिवशी भीतीनं जीव गेला माझा. वाटलं, ओरडावं. मग म्हटलं, आईला त्रास होईल, उद्या सांगू. आकडे बिघडले नाहीत. पंधरा दिवस झाले, महिना झाला. तेव्हा मला कळलं काय झालंय ते."

"तेव्हा कळलं. मग?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"हो."

"म्हणून." त्यानं टेबलावरचा कागद सरळ केला. "एवढंच, केतकी. दुसरं काही कारण नाही. प्रत्येक महिन्याला म्हणायचो, हा एक महिना. ताट आलं की वाटायचं, आत कुणीतरी माझ्यासाठी जेवतंय."

तो कधी रडत नसे. आताही रडला नाही. फक्त मनगटावरची पट्टी उगाच फिरवत राहिला. केतकीला त्याची कीव आली, आणि त्या कीवेचीच तिला सगळ्यात जास्त धास्ती वाटली. तिनं त्याला मूत्रपिंड दिलं ते कीवेपोटीच की, आणि मग सव्वादोन वर्षं तिथून पाय निघाला नव्हता. आठवणीत एक एक दिवस उभा राहिला. भेटायला आलेल्या भावाला 'दोन तास थांब, ताट होऊ दे' म्हटलं तो दिवस. दात काढायचा पुढे ढकलला ते तीन महिने. श्रावणानंतरचा प्रत्येक घास कुणासाठीही नव्हता. तिनं बादलीसाठी जेवून घेतलं होतं, आणि हा माणूस भिंतीपलीकडे बसून ते जाणत होता.

डॉक्टर परत आल्या त्या एक छापील अर्ज घेऊन. त्यांचा स्वर आता बेताचा, कामकाजाचा झाला होता. सहथाळी अधिकृतपणे थांबवता येईल. मात्र एक वर्ष निरीक्षण. या वर्षात पेशींनी उचल खाल्ली, तर अठ्ठेचाळीस तासांत ताट पुन्हा सुरू करता आलं पाहिजे. म्हणून दात्यानं राखीव म्हणून जवळ राहायचं. शहराबाहेर एका दिवसापेक्षा जास्त नाही. "फक्त एक वर्ष, केतकीताई. सक्ती अर्थातच नाही."

"मी राखीव राहिले नाही तर?"

"उचल खाल्लीच, तर गोळ्यांचा छोटा कोर्स द्यावा लागेल. बुरशीची जोखीम आहे, पण करता येतो. तोही लागू पडला नाही, तर डायलिसिस. शक्यता किती, ते मला सांगता येत नाही. एकाच माणसाचा अनुभव आहे आपल्याकडे."

"एकावरून काहीच सिद्ध होत नाही," अमोघ म्हणाला. हे तो वर्गात मुलांना सांगे तसंच सांगून गेला.

केतकीनं पेन हातात घेतलं. एक वर्ष म्हणजे काय मोठंसं, असं खोलीतल्या प्रत्येक वस्तूनं तिला म्हटलं. सव्वादोन काढलीस, त्यात एक. त्यानंतर वर्षाचं दीड होईल, कुणीतरी नवा रिपोर्ट दाखवील, तोही खरा असेल, आणि ती पुन्हा हो म्हणेल, कारण दर वेळी मागणं थोडंसंच असेल. मांडवीचं पत्र तिच्या मोबाइलमध्ये होतं. उत्तर द्यायला चार दिवस उरले होते.

"तू सांग," ती अमोघला म्हणाली. "तुला काय हवंय?"

'जा' हा एक शब्द त्यानं म्हणायला हवा होता. तो शब्द म्हणायची संधी तिनं त्याच्या हातात दिली होती. तो म्हणाला, "वर्षच तर आहे."

"उद्या आणून देते," म्हणून तिनं अर्ज पर्समध्ये टाकला.

सुलभाताई घरी परतल्या होत्या. दुपारी केतकी टेबलाशी अर्ज पसरून बसली, तशा त्या समोर येऊन बसल्या. त्यांना तिनं सगळं सांगितलं. रिपोर्ट, लिंबाच्या बिया, राखीव, वर्ष. मग एकदा सुरुवात केलीच आहे म्हणून दिवाळीआधीच्या त्या चहाचंही सांगितलं. मांडवीचंही. अमोघ दारात येऊन उभा राहिला होता. सव्वादोन वर्षांत तो या खोलीत पाणी प्यायलासुद्धा आला नव्हता.

"म्हणजे तू जायचीच होतीस," सुलभाताई म्हणाल्या.

"हो, आई."

"आणि तरी दिलंस."

"हो."

"आता नाही थांबलीस तर याला धोका आहे."

"असेल. थोडा असेल, जास्त असेल. कुणाला माहीत नाही."

"आणि थांबलीस तर तुझं काय?"

इतका साधा प्रश्न. डॉक्टरांनी, भावानं, कॉलनीतल्या बायकांनी, कुणी तो कधी विचारला नव्हता. केतकीनं बोलायला तोंड उघडलं आणि तिला हुंदका फुटला. ती टेबलावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी मोठ्यानं रडली. सुलभाताई उठल्या नाहीत की तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. त्यांनी दाराकडे बघून मुलाला म्हटलं, "बघ. मी त्या दिवशी हेच बघितलं होतं. ताट बदलून पळवाट काढली मी. तू तर बियासुद्धा मोजत बसलास."



केतकीनं तोंड पुसलं, पेन उघडलं. अर्जात एक रकाना होता: दाता राखीव म्हणून उपलब्ध राहील काय? तिनं त्यात ठळक अक्षरांत 'नाही' लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली आणि कागद अमोघपुढे धरला. त्यानं तो वाचला. पुन्हा वाचला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती भीती खरी होती, तिनं ती ओळखली आणि नजर वळवली नाही.

"आणि उद्या बिघडलं तर?" त्यानं विचारलं.

"तर ते तुझं मूत्रपिंड बिघडलं असेल, अमोघ. मी ते तुला देऊन टाकलंय. पोटातून काढून दिलंय, तुझ्याकडे ठेवायला दिलेलं नाही."

तो कागद धरून उभाच राहिला. शेवटी सुलभाताईंनी पुढे होऊन त्याच्या हातातून अर्ज घेतला, त्याच्या तपासण्यांच्या फायलीत लावला आणि त्याला म्हणाल्या, "बस. गरम आहे तोवर जेवून घे." केतकी फोन घेऊन अंगणात गेली आणि तिनं मांडवीचा नंबर लावला.